सम्राट अशोक : ज्याने आपला शब्द दगडाच्या हवाली केला



नागपूरच्या माणसाला सम्राट अशोक कोण, हे सांगावे लागत नाही. अशोक विजयादशमीला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. तेव्हापासून अशोकाचे नाव आपल्या घराघरात आहे. तिरंग्यावर त्याचे चक्र आहे, नोटेवर आणि नाण्यावर त्याचे सिंह आहेत. कितीतरी घरांत पोराचे नावच अशोक.

पण एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. दोनशे वर्षांपूर्वी याच भारतात या सम्राटाला जवळजवळ कोणी ओळखत नव्हते. पुराणांतल्या राजांच्या यादीत एक नाव, एवढीच त्याची ओळख उरली होती. ज्याने अफगाणिस्तानापासून कर्नाटकापर्यंत खडकाखडकावर आपला संदेश कोरून ठेवला, त्यालाच लोक विसरले. हे कसे झाले? आणि विसरलेला राजा परत आला तरी कसा? अशोकाची जीवनकथा सांगताना हे दोन्ही सांगितले पाहिजे, कारण त्याचा आपल्या रोजच्या जगण्याशी संबंध आहे.

राजपुत्र अशोक

मौर्य घराण्याचा संस्थापक चंद्रगुप्त हा अशोकाचा आजोबा, बिंदुसार हा त्याचा बाप. राजधानी पाटलिपुत्र, म्हणजे आजचे पाटणा. तरुणपणी अशोक उज्जैनला कारभार पाहत होता असे सिंहली बौद्ध ग्रंथ सांगतात. तिकडे जाताना विदिशा नगरीत त्याची एका व्यापाऱ्याच्या मुलीशी, देवीशी, गाठ पडली. तिच्यापासून त्याला महेंद्र आणि संघमित्रा ही दोन लेकरे झाली. ही दोन नावे पुढे आपल्याला लागणार आहेत.

बिंदुसाराच्या मृत्यूनंतर गादीसाठी भांडण झाले. इ.स.पू. २६८ च्या सुमारास अशोकाचा राज्याभिषेक झाला. त्याने आपल्या नव्याण्णव भावांना मारले, अशी एक कथा आहे. ही कथा आपणही किर्तनात, नाटकात ऐकलेली असते. पण अशोकाच्या स्वतःच्या पाचव्या शिलालेखात त्याच्या भावांच्या आणि बहिणींच्या घरांचा उल्लेख आहे. त्या घरांतही आपले धम्ममहामात्र काम करतात असे तो सांगतो. म्हणजे पाहा, ऐकीव कथा एक सांगते आणि दगड दुसरेच सांगतो. दगडावरचा लेख जपला गेला नसता, तर ती कथाच आपण इतिहास म्हणून धरून बसलो असतो.

कलिंग

राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर अशोकाने कलिंगावर, म्हणजे आजच्या ओडिशावर, स्वारी केली. एक लाख माणसे लढाईत मारली गेली, दीड लाख माणसे पकडून नेली गेली आणि त्याच्या कितीतरी पट माणसे नंतर मेली. हे आकडे शत्रूने लिहिलेले नाहीत. जिंकलेल्या राजाने स्वतः आपल्या तेराव्या शिलालेखात लिहून ठेवले आहेत. सोबत आपल्याला झालेले दुःखही लिहिले आहे. यापुढे धम्माने मिळवलेला विजय हाच खरा विजय, असे त्याने आपल्या मुलानातवांना बजावले आहे. जगात राजे पुष्कळ झाले, विजयाचे स्तंभही पुष्कळांनी उभारले. आपल्या विजयाची लाज दगडावर कोरणारा राजा मात्र शोधावा लागतो.

इथे एक बारकावा आहे, तोही सांगितला पाहिजे. कलिंगातच धौली आणि जौगड इथे अशोकाचे लेख आहेत, पण तिथे हा तेरावा लेख नाही. ज्यांची माणसे गेली त्यांच्या दारात तो मजकूर कोरलेला नाही. त्याच्या जागी अधिकाऱ्यांना ताकीद देणारे वेगळे लेख आहेत : सगळी प्रजा माझी लेकरे आहेत, कोणाला विनाकारण कोंडू नका, छळू नका, असा त्यांचा आशय. काय कुठे लिहायचे आणि कुठे नाही, याचाही हा राजा विचार करत होता.

उपासक अशोक

अशोक एका दिवसात धम्मात मुरला नाही. जबलपूरकडच्या रूपनाथ इथल्या लेखात तो मोकळेपणाने सांगतो की उपासक होऊन अडीच वर्षांहून जास्त काळ झाला, पण पहिल्या वर्षी मी फारसा झटलो नाही. संघाच्या जवळ गेलो तेव्हापासून झटू लागलो. आपल्यापैकी पुष्कळांना हे ओळखीचे वाटेल!

मग त्याने कामे सुरू केली. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केली, औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे लावल्या. रस्त्याच्या कडेला वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खोदल्या. राजाच्या मुदपाकखान्यात आधी रोज हजारोंनी प्राणी मारले जात. ते दोन मोर आणि एक हरीण इतक्यावर आले, आणि पुढे तेही बंद करू असे त्याने जाहीर केले. सगळ्या पंथांचा मान राखा, दुसऱ्याच्या पंथाची निंदा करून आपला पंथ मोठा होत नाही, हेही त्याने लिहिले.

राज्याभिषेकाला वीस वर्षे झाली तेव्हा तो लुंबिनीला गेला. तथागतांचा जन्म जिथे झाला तिथे त्याने दगडी स्तंभ उभारला आणि त्या गावाचा कर कमी केला. १८९६ साली तो स्तंभ आणि त्यावरचा लेख पुन्हा उजेडात आला, म्हणून आज आपण बोट ठेवून सांगू शकतो की भगवान बुद्धांचा जन्म इथेच झाला. बुद्ध हे कल्पनेतले पात्र आहे असे म्हणणाऱ्यांची तोंडे त्या साडेचार-पाच ओळींनी बंद केली.

टिकण्यासाठी केलेली तजवीज

आता मुख्य मुद्दा. आपला शब्द फार काळ टिकावा, ही अशोकाची इच्छा त्याच्या लेखांत पुन्हा पुन्हा येते. मुले, नातू, पणतू असेपर्यंत, चंद्र-सूर्य असेपर्यंत हे राहो, असे तो म्हणतो. नुसती इच्छा करून तो थांबला नाही. त्याने जी तजवीज केली ती आजही शिकण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट, त्याने साहित्य निवडले. राजाचे हुकूम अधिकाऱ्यांकडे जात ते नाशिवंत साहित्यावर लिहून जात असणार. त्यांतला एकही आज उरलेला नाही. जिथे खडक आहे तिथे खडकावर कोरा, स्तंभ असेल तर स्तंभावर कोरा, अशी त्याची आज्ञाच होती. त्याचे स्तंभ एकसंध वालुकाश्माचे, बारा ते पंधरा मीटर उंच आणि आरशासारखे घासलेले आहेत.

दुसरी गोष्ट, त्याने एकाच प्रतीवर भरवसा ठेवला नाही. चौदा शिलालेखांचा संच गुजरातेत गिरनारला आहे, डेहराडूनजवळ कालसीला आहे, आंध्रात येर्रागुडीला आहे, आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढी आणि मानसेहरालाही आहे. आपल्या महाराष्ट्रात नालासोपाऱ्याला १८८२ साली आठव्या लेखाचा तुकडा सापडला आणि १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, नवव्या लेखाचा तुकडा सापडला. सोपाऱ्याचे बाकीचे लेख गेले. पण काही बिघडले नाही, कारण तोच मजकूर दुसरीकडे शाबूत आहे. एक फुटला तर दुसरा बोलतो.

तिसरी गोष्ट, त्याने लोकांची भाषा घेतली. संस्कृत नव्हे, तर त्या त्या भागातली प्राकृत बोली वापरली. लिपी बहुतेक ठिकाणी ब्राह्मी, वायव्येकडे खरोष्ठी, आणि अफगाणिस्तानात कंदाहारला ग्रीक व अरामी.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. दगड कोरला की काम संपले असे त्याने मानले नाही. कलिंगातल्या अधिकाऱ्यांना सांगितले की तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख लोकांना वाचून दाखवा, अधूनमधूनही वाचा, ऐकणारा एकच असला तरी वाचा. सारनाथच्या लेखात तर एक प्रत अधिकाऱ्यांजवळ आणि एक प्रत उपासकांजवळ ठेवा, आणि दर उपोसथाला येऊन ती समजून घ्या, अशी सूचना आहे. राजस्थानात बैराटला सापडलेल्या लेखात त्याने भगवंतांच्या वचनांतल्या सात पाठांची नावेच दिली आहेत. सद्धम्म चिरकाल टिकावा म्हणून भिक्खूंनी, भिक्खुणींनी, उपासकांनी आणि उपासिकांनी ते वारंवार ऐकावेत आणि त्यांवर चिंतन करावे, असे त्याचे सांगणे. उपासिकांचे नाव त्यात वेगळे घेतले आहे, हे आमच्या भगिनींनी लक्षात घ्यावे. अलाहाबादच्या स्तंभावर कारुवाकी या राणीने दिलेली दाने तिच्याच नावावर नोंदवा, असाही हुकूम आहे.

आणि चुकीची कबुलीसुद्धा आहे बरं का. चौदाव्या लेखात तो सांगतो की माझे राज्य मोठे आहे, काही लेख त्रोटक असतील, काही लांबलेले असतील, काही ठिकाणी लिहिणाऱ्याच्या दोषामुळे अपुरे राहिले असतील. एवढा मोठा सम्राट, पण नोंदीत चूक राहू शकते हे त्याने नोंदीतच लिहून ठेवले.

लेकरांनी नेलेला वारसा

अशोकाच्या काळात पाटलिपुत्रला मोग्गलिपुत्त तिस्स थेरांच्या अध्यक्षतेखाली तिसरी संगीती झाली आणि चारी दिशांना धम्मदूत पाठवले गेले, असे सिंहली ग्रंथ सांगतात. आपल्या महारट्ठात महाधम्मरक्खित थेर आले. श्रीलंकेत खुद्द महेंद्र गेला आणि मागून संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन गेली.

तिकडे धम्म दगडावर नव्हता, भिक्खूंच्या मुखात होता. गटागटाने पाठ करायचा, एकमेकांचे तपासायचे, नव्या पिढीला द्यायचे. दुष्काळ आणि लढाया आल्या, पाठ करणारे भिक्खूच उरणार नाहीत अशी भीती पडली, तेव्हा इ.स.पू. पहिल्या शतकात आलोकविहारात त्रिपिटक ताडपत्रांवर लिहून काढले गेले. ताडपत्र दगडासारखे टिकत नाही. ते जुने झाले की नवी नक्कल करावी लागते. शेकडो वर्षे पिढ्यान्‌पिढ्या हात झिजवून भिक्खूंनी नकला केल्या. त्याच परंपरेत अशोकाची कथाही जपली गेली.

बोधिवृक्षाचेही तसेच. अनुराधपूरचा तो वृक्ष आजही उभा आहे, आणि भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथून आणलेल्या फांद्यांचा वृक्ष आपल्या दीक्षाभूमीवर आहे.

विसर पडला

इ.स.पू. २३२ च्या सुमारास अशोक गेला. शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ दान द्यायला अर्धा आवळाच उरला होता, अशी कथा आहे. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांत मौर्य घराणेच संपले. ज्या नातवा-पणतवांसाठी त्याने लिहिले ते राहिलेच नाहीत.

लेख होते तिथेच होते. ऊन खात होते, पाऊस झेलत होते. पण ब्राह्मी अक्षरे पिढीगणिक थोडी थोडी बदलत गेली आणि एक काळ असा आला की जुनी अक्षरे वाचणारा कोणी राहिला नाही. विहार ओस पडले, वाचून दाखवायची पद्धत मोडली. लोक स्तंभांना भीमाची लाठ म्हणू लागले. १३५६ च्या सुमारास सुलतान फिरोजशहा तुघलकाने आजच्या हरियाणातल्या टोपरा गावचा स्तंभ दिल्लीला नेला. सावरीचा कापूस, कातडी यांत तो गुंडाळला, ४२ चाकांच्या गाड्यावर चढवला, यमुनेतून नावांवर आणला. मोठमोठे पंडित बोलावले, पण एकालाही त्यावरचे एक अक्षर लागले नाही. दगड अगदी शाबूत, आणि अर्थ शून्य!

कुलूप उघडले कसे

१८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेप या इंग्रजाने ही लिपी उलगडली. किल्ली कुठे मिळाली ठाऊक आहे? राजाच्या मोठ्या लेखात नाही. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावर छोटे छोटे लेख आहेत. बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे. प्रिन्सेपने ताडले की हे दान देणाऱ्यांचे लेख असावेत आणि शेवटचा शब्द दानं असावा. तो बरोबर निघाला. द सापडला, न सापडला, आणि मग एकेक करून सगळी अक्षरे बोलू लागली. कोणी भिक्खुणी, कोणी उपासिका, कोणी व्यापारी, अशा साध्या माणसांनी आपल्या छोट्या दानाची नोंद ठेवली होती, म्हणून सम्राटाचे लेख वाचता आले.

तरी एक कोडे राहिले. लेखांत राजाचे नाव पियदसि असे होते. हा कोण? त्याच वर्षी श्रीलंकेत नोकरीला असलेल्या जॉर्ज टर्नर याला तिथल्या पाली ग्रंथात उत्तर मिळाले : पियदस्सि म्हणजेच अशोक. पुढे १९१५ साली कर्नाटकातल्या मस्की गावी अशोक हे नावच असलेला लेख सापडला आणि शंका मिटली. बाप दगडावर लिहून गेला, लेकरांनी नेलेल्या परंपरेने ताडपत्रावर जपले, आणि दोन हजार वर्षांनी दोन्ही जोडले तेव्हा अशोक उभा राहिला. नुसता दगड मुका होता, आणि नुसत्या कथेत नव्याण्णव भावांच्या खुनासारख्या गोष्टी मिसळल्या होत्या.

आपल्या पोरांनाही हे दाखवावे. ब्राह्मीतला ठ म्हणजे साधा गोल. आपल्या देवनागरी ठ मध्ये तो गोल अजून आहे. पोरगं शाळेत ठ गिरवतं, तेव्हा ते अशोकाच्या अक्षराचाच नातू गिरवत असतं.

आपल्या दाराशी

हे सगळे दूरच्या मुलखातले वाटत असेल, तर आपल्या विदर्भातच पाहा. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक गावी एक मोठी शिळा सापडली. ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, आणली गेली. तिच्यावर ब्राह्मीत प्राणी पकडण्यास आणि मारण्यास मनाई करणारी आज्ञा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती अशोकाच्या धम्ममहामात्राची मानली. त्याच शिळेवर काही शतकांनंतरचा, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या धर्मस्थानाचा दुसरा लेख आहे. जुनी आज्ञा आता तुटकच वाचता येते. दगडावर लिहिले म्हणजे ते कायमचे सुरक्षित झाले असे नाही. दुसरा कोणी येऊन त्यावर आपले लिहू शकतो.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला १९६९-७० साली जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले आणि मोठा स्तूप सापडला. त्याच्याही दगडांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत. आपल्याच मुलखातली साधी माणसे, दोन हजार वर्षांपूर्वीची.

आपण काय ठेवून जाणार

बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा दीक्षाभूमीवर स्तंभावर कोरलेल्या आहेत, हे अशोकाच्या रीतीलाच धरून झाले. पण १९५६ साली ज्या बाया कडेवर लेकरू घेऊन, भाकरी बांधून, पांढरे लुगडे नेसून नागपूरला आल्या, त्यांची नावे कुठे कोरली आहेत? त्या दिवशी जी पोरं पंधरा वर्षांची होती, ती आज ऐंशी ओलांडून गेली. दरवर्षी त्यांतले कोणी ना कोणी जाते, आणि त्यांच्यासोबत एक पुस्तकच जाते. फोटो मोबाईलमध्ये आहेत म्हणावे, तर मोबाईल बिघडला की फोटोही गेले. राहिले तरी त्यातले आजोबा कोण हे सांगणारा हवा.

आपल्याला खडक कोरायचा नाही. चांगल्या कागदाची एक जाड वही घ्यावी. आजी-आजोबा कोणत्या गावाहून आले, दीक्षा कुठे घेतली, विहाराच्या भिंतीसाठी कोणी विटा वाहिल्या, कोणी पाच रुपये दिले, हे नावानिशी लिहावे. जुन्या फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे आणि साल लिहावे. वहीची एक प्रत घरी, एक विहारात, एक बाहेरगावच्या नातेवाइकाकडे ठेवावी. चूक राहिली असेल तर राहिली म्हणून लिहावे. आणि पौर्णिमेला सगळे जमतात तेव्हा त्यातली दोन पाने पोरांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत, ऐकायला एकच जण असला तरी.

सांचीच्या कठड्यावर नाव कोरून घेणाऱ्या उपासिकेला कुठे ठाऊक होते, की तिच्या दोन अक्षरांनी एक दिवस सम्राटाचे तोंड उघडेल?

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.